प्रॉम्प्टर प्रेक्षकांत बसतो तेव्हा

मुंबईला मी याआधी तीनदा गेलो होतो. एकदा लग्नाला, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणि एकदा भाचीला विमानात बसवायला. नुसती नाटकं बघायला म्हणून जाण्याची ही पहिलीच खेप, आणि तीही वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. जाण्याआधी बार्शीभर सांगत सुटलो होतो, त्यामुळे परत आल्यावर जो तो विचारायला लागला, "काय काय बघितलं?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढावं म्हणून हे.

आधी थोडं माझ्याबद्दल. आमच्या हौशी नाट्यमंडळात मी चौतीस वर्षं प्रॉम्प्टर आहे. विंगेत स्टुलावर पुस्तक घेऊन बसायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच त्याच्या कानावर घालायचं, पण पहिल्या रांगेला ऐकू जाऊ द्यायचं नाही, हे माझं काम. त्यामुळे चौतीस वर्षांत मी एकही नाटक समोरून पाहिलेलं नाही. मला नटांचे कान, पाठी आणि धोतराला लावलेल्या सेफ्टी पिना तेवढ्या माहीत. तेही मान वर केली तर, कारण बोट कायम ओळीवर आणि नजर पुस्तकात.

आमच्या मंडळाचा मुख्य नट म्हणजे आप्पा सुरवसे. एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त. आवाज असा की बसमध्ये घंटीची दोरी नसती तरी चाललं असतं. आम्ही दोघं एका वर्गातले. गेल्या वर्षीच्या नाटकात तो बापाचं काम करत होता. तिसऱ्या अंकात मुलगी निघून जाते तेव्हा आप्पा बोलता बोलता थांबला. मी ओळीवर बोट ठेवून वर पाहिलं. त्याचा चेहरा असा काही झाला होता की मला वाटलं, वा रे पठ्ठ्या! काय पॉज घेतलास! माझे डोळे भरून आले आणि आयुष्यात पहिल्यांदा, प्रयोग चालू असताना, मी पुस्तक मिटलं.

तो पॉज नव्हता. आप्पा विसरला होता. मागून कुणीतरी शिट्टी मारली, आप्पानं विंगेत माझ्याकडे पाहिलं आणि मी मिटलेल्या पुस्तकात पान शोधत बसलो. पान सापडेपर्यंत तो स्टेजवरून निघून गेला होता. तसाच, मेकअपसकट, घरी चालत गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, "चष्मा पडला रे ऐन वेळी." प्रॉम्प्टर नाटक बघत बसला होता, हे कुठल्या तोंडानं सांगणार? तेव्हापासून आप्पानं मंडळात पाऊल टाकलेलं नाही. रस्त्यात भेटला तर "ऊन फार आहे" म्हणतो आणि पुढे जातो. मला याचं फार वाईट वाटतं.

आप्पा नाही म्हटल्यावर तीन अंकी नाटक कुणाच्या जिवावर करणार? मंडळाचे अध्यक्ष आमचे डॉक्टर. ते म्हणाले, "मुंबईत हल्ली अर्ध्या तासाची नाटकं, एकट्यानं करायची स्वगतं असं बरंच चालतं म्हणे. गजाननराव, तुम्ही मोकळे आहात. चार दिवस जाऊन बघा, आपल्याला झेपेल असं एखादं घेऊन या." मी लगेच हो म्हटलं. मंडळाचं नाव पुढे होतं, पण मला ते हवं होतं आप्पासाठी. रिकाम्या हातानं त्याच्या दारात उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

पहिला दिवस: दादर

मुक्काम गिरगावात सुलभाताईकडे. ही माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. चाळीस वर्षांपूर्वी पाठारे प्रभूंच्या घरात पडली आणि पक्की मुंबईकर झाली. लग्नाआधी बार्शीत आप्पाच्या गल्लीत राहायची, पण आता बोलण्यात बार्शीचं काही उरलेलं नाही. नाटकाचं वेड मात्र जुनंच. ती म्हणाली, "गजा, आधी दादरला जा. तिथे एका दुपारी चार एकांकिका आहेत. चार बघितल्यास की तुझं डोकं ठिकाणावर येईल."

मी वेळेच्या पाऊण तास आधी जाऊन बसलो. आमच्याकडे नऊचं नाटक डॉक्टर आले की सुरू होतं, म्हणजे साधारण दहाला. इथे घड्याळात तीन वाजले आणि एकदम मागच्या बाजूनं पोरापोरींनी घोषणा द्यायला सुरुवात केली. टाळ्या काय, आरोळ्या काय! मला वाटलं मारामारी जुंपली. मी पिशवी उचलून दाराकडे निघालो तर शेजारच्या मुलीनं माझा हात धरला.

"काका, बसा, बसा. भांडण नाहीये. आपापल्या ग्रुपला चिअर करतायत. आता तिसरी घंटा झाली की सगळे चिडीचूप."

आणि खरंच झाले. आमच्याकडे तिसऱ्या घंटेनंतर अध्यक्षांचं भाषण असतं.

पहिली एकांकिका होती 'चार शिट्ट्या'. लिहिणारा चोविशीतला. स्टेजवर स्वयंपाकघर, शेगडीवर खराखुरा कुकर आणि दोन बहिणी. आई गेलेली, वडील आतल्या खोलीत झोपलेले. वडील कुणाकडे राहणार ते कुकरच्या चार शिट्ट्या व्हायच्या आत ठरवायचं, कारण नंतर वडील जेवायला उठणार. बस, एवढंच. दोघी बोलतात कशावर, तर डाळीत हिंग पडला की नाही यावर. पण ऐकणाऱ्याला कळत असतं की हिंगाच्या आडून तिसरंच काहीतरी शिजतंय. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली, वरणाचा वास सगळ्या थिएटरात पसरला आणि मला सपाटून भूक लागली. तिसरी शिट्टी झाली. मग दोघी गप्प झाल्या, चौथीची वाट बघत. आणि अंधार! लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले.

मी शेजारच्या मुलीला विचारलं, "मग वडील कुणाकडे राहिले?"

"तेच ना, काका!" ती टाळ्या वाजवत म्हणाली.

मला काही ते पटलं नाही. आमच्याकडे असं अर्धवट सोडलं तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. पण गंमत बघा, पुढच्या तीन एकांकिका होऊन गेल्या तरी माझ्या डोक्यात त्या दोघी बहिणीच भांडत होत्या. धाकटीकडे राहिले असतील, असं मी रस्त्यावर आल्यावर ठरवलं. नंतर थोरलीकडे.

एक गोष्ट आणखी सांगायची. दोन एकांकिकांच्या मध्ये अंधारात ती पोरं अख्खं स्वयंपाकघर उचलून नेतात आणि तिथे पोलीस चौकी उभी करतात, आणि प्रेक्षक त्यालाही टाळ्या देतात. आमच्याकडे पडदा अडकला की लोक चहाला जातात आणि काही जण परत येत नाहीत.

दुसरा दिवस: गिरगाव

सकाळी सुलभाताईनं भानोळं केलं होतं. कोबी, कोळंबी आणि बेसन घालून, खालून-वरून आच देऊन भाजतात, सासूकडून शिकलेलं. मी दोनदा वाढून घेतलं. ते खाताना तिनं आपली तक्रार सांगितली.

"ही छोटी नाटकं चांगली असतात रे, पण मध्यंतर नसतं. मध्यंतर नाही म्हणजे बटाटेवडा नाही. नाटकाला जाऊन वडा न खाता घरी यायचं म्हणजे मला देवळात जाऊन प्रसाद न घेतल्यासारखं वाटतं."

दुपारी तिच्या घराजवळच्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये स्वगत होतं, 'तुमच्या पुढे मी'. पन्नास-साठ खुर्च्या, स्टेज नाही, पडदा नाही, विंग नाही. मी ताईला विचारलं, "मग प्रॉम्प्टर बसतो कुठे?" ती म्हणाली, "कुठेच नाही. पाठ करतात." मी चौतीस वर्षं ज्या स्टुलावर बसलो ते स्टूल इथे कुणी ठेवलेलंच नव्हतं.

मग ती नटी आली. तिशीची असेल. ती सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी आहे आणि आम्ही सगळे तिच्या मागे उभे आहोत, असं धरून ती मान वळवून आमच्याशीच बोलायला लागली. रांगेत बायका बोलतात तसंच. डबा, सासू, मोबाईलचं चार्जिंग, आतल्या डॉक्टरीणबाईंचा स्वभाव. वीस मिनिटं रांग एक इंच हलत नाही. ती कशासाठी आली आहे हे ती सांगत नाही आणि आपण विचारू शकत नाही. शेवटी तिचा नंबर पुकारतात. ती पर्स आवळून उभी राहते, आणि जातच नाही. मागे वळून समोरच्या खुर्चीवरच्या बाईला म्हणते, "तुम्ही जा पुढे, मला काही घाई नाही," आणि नंबराचा कागद हातात देते.

समोरच्या खुर्चीवर सुलभाताई होती. तिनं कागद घेतला आणि अगदी मनापासून म्हणाली, "थँक्यू हं. पण तुम्हीही दाखवून घ्या."

कुणी हसलं नाही. नटीच्या डोळ्यात टचकन पाणी आलं आणि तिथेच नाटक संपलं. ताईनं तो कागद पर्समध्ये ठेवलाय, अजूनही असेल. बाहेर येऊन आम्ही साबुदाणावडा आणि पीयूष घेतलं, म्हणजे तिचं मध्यंतर उशिरा का होईना झालं.

खाताना ती म्हणाली, "उद्या लालबागला आहे ना, 'माप', ते तुमच्या आप्पासाठीच लिहिल्यासारखं आहे. मी बघितलंय." 'माप' लिहिणाऱ्या सायली परबचा फोन नंबर तिनं मागेच मिळवला होता आणि संहिता मला बार्शीलाच मोबाईलवर आली होती. सवयीप्रमाणे मी ती अकरा वेळा वाचली होती. भायखळ्याचा म्हातारा शिंपी. मुलगा शाळेत असतानाच परदेशात गेलेला, बारा वर्षांत आलेला नाही, आता लग्नाला येतोय. बाप त्याच्यासाठी शर्ट शिवायला बसतो. मापांची जुनी वही काढतो, गिऱ्हाइकांच्या गमतीजमती सांगतो, आणि मग कोऱ्या पानावर लिहायला घेतो: छाती. पुढे संहितेत कंसात एकच शब्द होता, शांतता. त्यानंतर वाक्य, "आता किती असेल?"

तिसरा दिवस: लालबाग

एप्रिल महिना, म्हणजे लालबागला मसाल्याचे दिवस. गल्लीत शिरल्यापासून धणे, खोबरं, मिरची यांचा वास पाठ सोडत नव्हता. प्रयोग होता सकाळी अकराला, एका चाळीच्या व्यायामशाळेत, पहिल्या मजल्यावर. डंबेल्स कोपऱ्यात सरकवून सतरंज्या घातलेल्या, कडेला खुर्च्या. मी आणि ताई आत गेलो तर काय, प्रयोग सुरू व्हायच्या आधीच साठ-सत्तर माणसं डोळे पुसतायत! कुणी नाक ओढतंय, कुणी पदर लावलाय. मी भारावून ताईला म्हटलं, "काय हळवा प्रेक्षक आहे गं मुंबईचा!"

"गाढवा, खाली मिरची कांडप आहे," ताई शिंकत म्हणाली.

खरंच, बरोबर आमच्या पायाखाली कांडपाचं यंत्र चालू होतं. धप, धप, धप. मलाही मग रडायला आलं.

शिंप्याचं काम करणारे विलास तावडे पन्नाशीचे, माझगावच्या गोदीत फिटर आहेत. गळ्यात टेप टाकून आले, शिलाई मशीनवर बसले आणि दोन मिनिटांत मी मिरची विसरलो. गिऱ्हाइकांच्या वाढत्या कमरांचे किस्से ऐकून लोक खोखो हसत होते. माझे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते, त्याला इलाज नाही. मग वही निघाली, कोरं पान निघालं. गळ्यातली टेप त्यांनी हातात घेतली. "छाती," ते म्हणाले, आणि थांबले.

धप. धप. धप.

आमच्याकडे पॉज म्हणजे दोन श्वास. मी मोजत होतो. चार झाले, पाच झाले. विलासरावांची नजर कुठेतरी लांब लागलेली. सहा. मला बार्शीचं स्टेज दिसायला लागलं, आप्पाची विंगेकडे वळलेली मान दिसायला लागली. सात. आठ. पुन्हा नाही, पुन्हा मी एका माणसाला असं उभं ठेवणार नाही, एवढंच डोक्यात होतं. आणि माझ्या तोंडून वाक्य गेलं.

"आता किती असेल?"

चौतीस वर्षांच्या सवयीनं आवाज अगदी नटापुरता सोडला होता. पण एवढ्याशा व्यायामशाळेत नटापुरता म्हणजे सगळ्यांपुरताच. हशा पिकला. विलासरावांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, झोपेतून उठवल्यासारखं पाहिलं. "तेच तर," ते म्हणाले, "आता किती असेल?" आणि पुढे गेले. माणूस मोठा म्हणून गेले. पण त्या खोलीत जे काही जमून आलं होतं ते गेलं होतं, आणि ते मी घालवलं होतं. ताईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं होतं.

प्रयोग संपल्यावर मी कोपऱ्यात डंबेल्सशेजारी उभा राहिलो. एक सडपातळ मुलगी माझ्याकडे आली. सायली. दिवसा विम्याच्या ऑफिसात जाते, याच चाळीत राहते.

"काका, तुम्ही माझा पॉज खाल्लात."

मी हात जोडले.

"नाही, तुम्हाला माहितीये का, त्या पॉजवर आम्ही तालमीत दोन महिने भांडलोय. विलासदादा चारच्या पुढे थांबायलाच तयार नव्हते. बोलायचे, पब्लिक उठून जाईल. आज पहिल्यांदा थांबले होते. पहिल्यांदा!" तिचे डोळे लाल होते. मिरचीनं असतील असं मी स्वतःला सांगितलं, पण तसं नव्हतं.

मला पळून जायचं होतं, पण सायलीच्या आईनं दारातच अडवलं. तिच्या चाळीत माणसाला उपाशी सोडत नाहीत, मग त्यानं मुलीचं नाटक का पाडलेलं असेना. बांगडा, भात, सोलकढी. मी मान खाली घालून जेवत होतो.

"वायच सोलकढी घेवा हो भाऊ," त्या म्हणाल्या. "चुकता माणूस. आमचो हो विलास पयल्या नाटकात दार सोडून खिडकीतून बाहेर गेल्लो."

विलासराव तोंडात घास असतानाच हसले. "प्रॉम्प्टर आहात ना? मला वाटलंच. आवाज एकदम सरळ कानात आला, आजूबाजूला नाही सांडला. क्लास!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रयोगाची परवानगी मागायला गेलो होतो, ती मागायचा धीरच झाला नाही. निघताना सायली म्हणाली, "उद्या परळला प्रयोग आहे, सहा वाजता. या. पण शेवटच्या रांगेत बसा."

चौथा दिवस: परळ

ताईनं जाताना आलेपाकाच्या वड्यांची पुडी दिली. "'छाती' म्हणाला की तोंडात टाक. आणि मी हात धरून बसणार आहे तुझा, नेम नाही तुझा." अशा बंदोबस्तात मी परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसलो.

सगळं कालच्यासारखंच. कमरांचे किस्से, हशा, वही, कोरं पान. टेप गळ्यातून हातात आली. "छाती." मी आलेपाक तोंडात टाकला.

आणि शांतता. इथे कांडप नव्हतं, फक्त पंखा. मी मोजायला लागलो. नवव्या श्वासाला विलासरावांचा टेप धरलेला हात हळूहळू हलला. आधी कमरेपाशी थांबला, सहा-सात वर्षांच्या पोराच्या खांद्याच्या उंचीवर. मग वर आला, स्वतःच्या छातीपाशी. मग आणखी वर, आपल्या डोक्याच्याही वर, आणि तिथे मोकळ्या हवेत तो हात राहिला. पोरगा बापापेक्षा उंच झालेला असणार, एवढंच त्याला माहीत. माझं मोजणं कधी थांबलं मला कळलं नाही. आल्याचा तिखटपणा होता तोंडात, पण डोळ्यांतलं पाणी त्याचं नव्हतं. मग अगदी हळू: "आता किती असेल?"

हे त्या अकरा वेळा वाचलेल्या संहितेत कुठेच नव्हतं. तिथे फक्त कंसातला एक शब्द होता. काल माझं वाक्य गेलं ते बहुतेक हात हलायच्या जरा आधी. मला तेव्हा त्या चार शिट्ट्याही उमगल्या. ही आताची पोरं आपल्याला अर्ध्या तासात अर्धंच देतात, आणि उरलेलं आपल्याला लिहायला लावतात. विंगेतून बघणाऱ्याला हे दिसणं शक्यच नव्हतं. पण एकदा दिसलं होतं मला, गेल्या वर्षी, म्हणून तर पुस्तक मिटलं होतं.

प्रयोगानंतर शाळेच्या पायऱ्यांवर आम्ही चौघं चहा घेत बसलो. सायलीनं विचारलं, "आज बरे गप्प बसलात?" मी पुडी दाखवली. मग कसं कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं. आप्पाचं थांबणं, मिटलेलं पुस्तक, चष्म्याची थाप. ताईलाही हे माहीत नव्हतं, ती कपातला चहा तसाच धरून ऐकत होती.

"थांबा, थांबा," सायली म्हणाली. "म्हणजे तुम्ही तिथे रडत होता? त्यांचं काम बघून?"

"हो."

"आणि ते वर्षभर समजतायत की तुमचा चष्मा पडला."

"हो."

"काय हो काका!" ती म्हणाली. "एवढी भारी गोष्ट तुम्ही त्या माणसाला सांगितलीच नाही?"

मग तीच पुढे म्हणाली, "करा तुम्ही 'माप'. पत्र देते मी. एकच अट, माझा पॉज कापायचा नाही."

"पण तो खरंच विसरला तर?" मी विचारलं. "पॉज कुठला आणि विसरणं कुठलं, मला कळलं नाही तर?"

यावर विलासराव बोलले. "त्यात काय टेन्शन? मी पण विसरतो की. ही सायली बसते ना पहिल्या रांगेत. टेप हातात असली तर पॉज, गप्प बसायचं. टेप गळ्यात टाकली की समजायचं, गाडी बंद पडली, वाक्य दे. आजच दोनदा टाकली. तुम्हाला कळलं?"

मला कळलं नव्हतं. चौतीस वर्षं या धंद्यात असून नाही कळलं. म्हणजे इथेही प्रॉम्प्टर होताच, फक्त स्टूल नव्हतं. मला एकदम इतका आनंद झाला की मी विलासरावांच्या पाठीत थापच मारली.

"लाव फोन," सुलभाताई म्हणाली.

"घरी गेल्यावर भेटूनच..."

"गजा, लाव."

मी पायऱ्या उतरून शाळेच्या फाटकापाशी गेलो आणि फोन लावला. आप्पानं उचलला. "काय, मुंबईत ऊन आहे का?" त्यानं विचारलं.

"आप्पा, ऊन राहू दे. माझा चष्मा पडला नव्हता."

मी एका दमात पुढे बोललो.

"मला वाटलं तू पॉज घेतलास. असलं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी पुस्तक मिटलं. मी तुझं नाटक बघत बसलो होतो, आप्पा. चुकलं माझं. थापही मारली, तेही चुकलं."

तिकडे शांतता. फोन चालू होता, त्याच्या घरातला पंखा ऐकू येत होता. एक, दोन, तीन. आता म्हणावं, अरे मी नाटक आणलंय. म्हणावं, रागावलास का. चार-पाच वाक्यं अगदी ओठांवर होती. फोनवर टेप दिसत नाही, हातात आहे का गळ्यात ते कळत नाही. सहा, सात. पायऱ्यांवरून तिघं माझ्याकडे बघत होते. पुडीतली शेवटची वडी मी तोंडात टाकली आणि थांबलो.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही.

"गजा," आप्पा म्हणाला. आवाज अगदी बारीक होता, कंडक्टरचा नव्हताच. "खरंच इतका चांगला दिसला तो पॉज?"

"चौतीस वर्षांत एकदाच पुस्तक मिटलंय मी."

त्यानं घसा खाकरला.

"सुलभीनं फोन करून सांगितलंय मला, शिंप्याचं काम आहे म्हणून," तो म्हणाला. "येताना मोठ्या अक्षरात काढून आण."